कोऱ्या पाठीचा पेपर

आये,

तुला वाचता येत नव्हतं. त्यामुळे तू असतीस तरी हे पत्र तुला मीच वाचून दाखवलं असतं, आणि मी वाचलेल्या कागदावर पुन्हा एकदा विश्वास ठेव असं कोणत्या तोंडानं म्हणालो असतो, देव जाणे. तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. तू ज्या वयात गेलीस ते मी कधीच मागे टाकलंय. गुडघे तुझ्यासारखेच दुखतात, चहात साखर घालू देत नाहीत, आणि घरातले सगळे माझ्याशी जरा मोठ्यानं बोलतात. आजवर तुला लिहावं असं कधी वाटलं नाही, असं मी म्हणतो. खरं म्हणजे धीर झाला नाही. परवा एक गोष्ट घडली आणि मग राहवेना.

नात पुण्याला कॉलेजात आहे. सुट्टीत आली होती. म्हणाली, आजोबा, तुमच्या धरणावर शूटिंग झालेला एक जुना सिनेमा मोबाईलवर सापडलाय. आणि मोबाईल तिनं माझ्या मांडीवर ठेवला. मला पहिल्या चित्रातच कळलं कोणता ते. मुंबईच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार खुन्याचा माग काढत धरणावर येतो, पोलिसांना सुचत नाही ते सगळं त्याला सुचतं, आणि शेवटी स्वतःच्याच पेपरात खोटी बातमी छापून तो खुन्याला बिळातून बाहेर काढतो. मधेच तो जीपमध्ये बसून पेपर उघडतो. वर मोठ्या अक्षरांत खुनी फरार झाल्याची बातमी, खाली फोटो. पूर्वी थिएटरात हे चित्र डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जायचं. नातीनं बोट लावून ते थांबवलं. मोबाईलवर सिनेमा असा थांबवता येतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं ते मोठं करून वाचलं आणि हसत सुटली. म्हणाली, "आजोबा, हेडिंग खुनाचं आणि खाली बघा, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. लग्नपत्रिका छापलीय यांनी." मीही हसलो, हसणं भाग होतं. मग ती फोटोकडे बघत म्हणाली, "खुनी किती साधा दिसतो ना? आणि त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे." मी म्हटलं, चष्मा आतल्या खोलीत राहिलाय, आणि उठलो. तो फोटो दादाचा होता, आये, आणि तो हात माझा.

तुला माहीत असलेलं थोडं आधी सांगतो, म्हणजे मला पुढचं सांगायला जोर येईल. बाप आम्ही लहान असताना गेला. दादानं शाळा सोडली, भाताची खाचरं सांभाळली, आणि मला शिकवलं. मी तालुक्याच्या गावी, अकोल्याला, छापखान्यात लागलो. शिशाची अक्षरं, त्यांना आम्ही खिळे म्हणतो, ती एकेक उचलून ओळी जुळवायच्या, असं माझं काम. आठवडाभर तिथंच राहायचो, रविवारी घरी यायचो. त्या माघात, मी घरी असताना, राजूरच्या बाजाराला तंबूतला सिनेमा आला होता. दादा बैल डोंगराच्या सड्यावर चरायला सोडून दुपारच्या खेळाला गेला. परत आला तेव्हा एक बैल कड्यावरून खाली गेलेला. तू अंगणात उभी होतीस, दहा माणसं जमलेली, आणि त्यांच्यादेखत तू त्याला म्हणालीस, "सिनेमा बघायला डोळं हायत आन बैल राखायला न्हाईत? पुन्यांदा तोंड दावू नगंस मला." तसं काय, रागात आई काहीही बोलते. तू मला याहून वाईट बोलली आहेस. पण दादा शब्द धरून बसणारा माणूस. सकाळी उठून बघतो तर तो नव्हता. घोंगडीही नेली नव्हती.

छापखान्याच्या मालकांनी न विचारता हँडबिलं काढून दिली. फोटो जत्रेतला होता. पडद्यावर रंगवलेला बंगला, त्याच्यापुढे आम्ही दोघं, माझा हात दादाच्या खांद्यावर. त्या फोटोच्या दोन प्रती होत्या. एक भिंतीवर होती, दुसरी दादा गेला तेव्हापासून दिसत नव्हती. भिंतीवरची मी मालकांना दिली आणि नाशिकहून तिचा ब्लॉक करून आला. ब्लॉक म्हणजे लाकडावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावरून फोटो छापतात. नाशिकवाल्यांनी मला कापून टाकलं होतं, फक्त खांद्यावरची चार बोटं राहिली. हँडबिलाचा मजकूर मीच जुळवला. घरी परत ये, आई वाट पाहते, कोणी रागावणार नाही. एस.टी. स्टँडवर, राजूरला, घोटीला, संगमनेरला आम्ही ती चिकटवली. पावसाळा आला, ती भिजून गळाली, दुसरी चिकटवली. असं दोन वर्षं चाललं.

त्या दोन वर्षांतले रविवार तुला आठवतात का? मी घरी यायचो, पाठ टेकायचो, आणि तू विचारायचीस, काही कळलं का. माझी विचारपूस त्यानंतर. मी भाताची रोपं लावायला, आवणीला, उभा राहिलो की तू बांधावरून बघत म्हणायचीस, "त्यो आसता तर दुपारपातूर झालं आसतं." उरलेल्या बैलाला मी जू नीट लावलं नाही तेव्हा म्हणालीस, "त्येची सर तुला न्हाई, बाबा." हे तू मायेनं म्हणालीस की वैतागून, ते तेव्हा मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की जो टाकून गेला तो मोठा आणि जो दर रविवारी राजूरला उतरून आठ मैल चालत येतो तो खिजगणतीत नाही. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. इतक्या मोठ्या माणसानं आईवर असं रुसू नये, हे मला आज समजतं.

मग पौषात सिनेमावाले आले. खाली देशावर दुष्काळ होता, त्यामुळे धरणाचं पाणी लवकर सोडलेलं, काठ उघडे पडले होते. त्यांना तसाच काठ हवा होता, प्रेत सापडायला. त्यांच्या माणसांच्या भाकरी थापायला गावातल्या चार बायका लागल्या, त्यात तू. ते दिवस तू खुशीत होतीस, खोटं नको बोलायला. रविवारी मी आलो तर तूच सांगत सुटलीस. "एकच मानूस सकाळधरनं मरतोय. मरतोय, उठतोय, च्या पितोय, पुन्यांदा मरतोय. म्या म्हनलं, बाबा, एकदाच काय त्ये नीट मर की." आणि त्या सिनेमातला हिरो काय काम करतो, असं मी विचारलं तर म्हणालीस, "रिपोटर हाय म्हनं. म्हंजी काय आसतं रं?" मी सांगितलं, जो चार ठिकाणी विचारून खरी बातमी काढतो तो. तू म्हणालीस, "मंग आसा यकादा आपल्या दादासाठी मिळाया पायजे."

त्याच रविवारी तू मला मामाची गोष्टही सांगितलीस. भाताच्या ट्रकवरचा क्लीनर मामाला म्हणाला होता की इगतपुरी स्टेशनाबाहेर एका चहाच्या हॉटेलात असाच दिसणारा गडी कपबशा विसळतो. दाढी वाढलीय, पण चाल तीच. पुढच्या रविवारी मामा हँडबिल घेऊन बघायला जाणार होता. तू हे सांगताना चुलीपुढे बसली होतीस आणि तुझा आवाज बारीक झाला होता. इगतपुरी आपल्यापासून किती लांब, घोटीवरून पुढे पाऊल टाकलं की आलीच. मी म्हटलं, बघू दे, असले शंभर सांगतात.

मंगळवारी सिनेमावाल्यांचा एक माणूस छापखान्यात आला. काळा चष्मा, गळ्यात रुमाल, घाई एवढी की बसायलाही तयार नाही. मुंबईहून छापून आणलेले पेपर कुठेतरी राहिले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधलं चित्र घ्यायचं होतं. आमचं मशीन लहान, अख्खं पान त्यावर बसत नाही. तो म्हणाला, वरचं अर्धं पान छापा, घडी घालून धरायला सांगतो. मागची बाजू कोरी राहिली तरी चालेल, कॅमेऱ्याला दिसत नाही. हेडिंग त्यानं हिंदीत लिहून दिलं. खालच्या बारीक मजकुराला काय, म्हटलं, तर म्हणाला, काहीही टाका, कोण वाचतंय. फोटो मात्र हवा. कुणाचाही चालेल, देवाचा नको आणि पुढाऱ्याचा नको.

मालक संगमनेरला कागद आणायला गेले होते. त्यांचा एक नियम होता, ज्याचा ब्लॉक त्याच्याच कामाला. दुसऱ्याच्या कामाला वापरायचा नाही, भले कोणी कितीही गळ घालो. म्हणून प्रत्येक ब्लॉक कागदात गुंडाळून वर नाव लिहून खणात ठेवलेला असे. मी खण उघडला. गणपती होते, लक्ष्मी होती, सत्यनारायण, दोन पुढारी, एक ट्रॅक्टर. आणि दादा. नवा ब्लॉक करून यायला आठवडा लागतो, हे मी त्या माणसाला सांगू शकलो असतो. फोटोशिवाय छापतो म्हणू शकलो असतो. मी कागद सोडला, ब्लॉकवरची वाळलेली शाई रॉकेलनं पुसली आणि मनात म्हटलं, तू सुखात कुठेतरी पाय पसरून बसला असशील, मी इथे शाईत लडबडतोय आणि वर आईची बोलणी खातोय. हो खुनी. थोडंसं हसूही आलं मला. खालच्या जागेत आदल्या आठवड्यात जुळवून ठेवलेली एक लग्नपत्रिका होती तशी उचलून ठेवली, तिच्या बाजूला सोसायटीच्या सभेची नोटीस. पन्नास प्रती काढल्या. तो माणूस खूश होऊन गेला.

आता गुरुवार. दुपारी बाराचा सुमार. मी खिळे परत घरात टाकतोय, म्हणजे वापरलेली अक्षरं आपापल्या खान्यात. मालक टेबलाशी प्रूफ वाचताहेत. दारात सावली पडते आणि बघतो तर तू. दोन वर्षांत तू एकदाही छापखान्यात आली नव्हतीस. पायांना धूळ, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. मला वाटलं, गावात कोणी गेलं. तू आत येऊन कागदाच्या रिमांवर टेकतेस, भाकरीचं फडकं सोडतेस, त्यातून पेपर काढतेस आणि म्हणतेस, "ह्यो वाच."

तो माझाच पेपर होता, मंगळवारी छापलेला. शूटिंगला वापरून झालेला गठ्ठा त्या लोकांनी चूल पेटवायला तुमच्याकडे दिला होता. तू सांगत होतीस, "येका कागदाला काडी लावली. दुसरा घेतला तर ह्यो म्होरं. पयला जळून गेला रं. त्यात बी ह्योच आसंल का?" मी म्हटलं, "तिथल्या कुणाला का नाही विचारलंस?" तर म्हणालीस, "घरची गोष्ट परक्याला कशाला? तू हाईस की वाचनारा."

मालकांचं पेन थांबलं होतं. त्यांनी लांबूनच कागद ओळखला असणार, आमच्याच टायपातला. मी सांगू शकलो असतो. आये, हा खोटा पेपर आहे, सिनेमाचा आहे, मीच छापला आणि तुझ्या मुलाला खुनी मीच केला. एवढीच तर वाक्यं. पण तुझ्या डोळ्यांकडे बघून माझ्या तोंडून ते निघेना. तू मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलंस. "ह्ये काय?"

"शूर तरुण," मी वाचलं.

"काय केलं त्यानं?"

"बुडणाऱ्या माणसाला वाचवलं. मुंबईला, समुद्रात."

तू कागद डोळ्यांजवळ नेलास. मग म्हणालीस, "पवायला हितं धरनातच शिकला त्यो." आणि मग विचारत सुटलीस. त्या सिनेमातल्या बातमीदाराला जन्मात सुचले नसते असे प्रश्न तू विचारलेस. मुंबईत काय करतो? मी म्हटलं, बोटीवर नोकरीला आहे, मोठी बोट, परदेशी जाते, वर्ष वर्ष परत येत नाही. मग आता कुठं हाय? बोट निघून गेली, असं लिहिलंय. फोटू तर आपल्या जत्रंतला, ह्यो तुजा हात हाय, म्या वळखते, मंग त्यांच्याकडं कसा ग्येला? मी म्हटलं, त्याच्या खिशात होता म्हणे. तू त्या चार बोटांवरून अंगठा फिरवलास. "म्हंजी त्यानंच नेल्ता. मला वाटलं, चुलीत बिलीत ग्येला." मग तू कागद उलटा केलास. "मागं कायीच न्हाई. येवढा मोटा कागद आन मागं कोरा?" मी सांगितलं की महत्त्वाची बातमी असली की असाच काढतात. तू मान हलवलीस. तुला ते पटलं, कारण तुझ्या दृष्टीनं त्या दिवशी याहून महत्त्वाची बातमी जगात नव्हती.

शेवटी तू लग्नपत्रिकेच्या बारीक ओळींवर बोट ठेवलंस. "आन हितं?" मी म्हटलं, इथे तुझं लिहिलंय. डोंगरातली आई आहे, तिनं वाढवला. तू पदर तोंडाला लावलास. मग अगदी हळू, मालकांना ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलंस, "म्या बोलले त्येचा राग हाय का त्येच्या मनात? त्ये लिवलंय का?"

आप्तेष्टांसह अगत्य येण्याचे करावे, अशी ती ओळ होती. मी तिच्याकडे बघत वाचलं, "राग नाही, असं तो म्हणाला."

तू रडलीस, आये. मला ते अजून ऐकू येतं. दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा, तशी तू रडलीस आणि लगेच डोळे पुसून उठलीस, कारण राजूरची गाडी गाठायची होती. उठता उठता म्हणालीस, "मंग आता मामाला नगं म्हनून सांगते. बोटीवर ग्येलेला मानूस इगतपुरीला कुटं घावायचा." इथे मी तुला धरून थांबवायला हवं होतं. बाकी सगळं खोटं पोटात घालता आलं असतं, पण हे नाही. मी म्हटलं, "हो, कशाला उगाच हेलपाटा." आणि वर आणखी एक गाठ मारली. म्हटलं, कुणाला दाखवू नकोस, दुसऱ्या नावानं नोकरीला लागलाय, कळलं तर नोकरी जाईल. कागद माझ्याकडे दे म्हटलं, तर तू दिला नाहीस. "माज्याजवळ ऱ्हाऊ दे," म्हणालीस, आणि पुन्हा भाकरीच्या फडक्यात बांधलास.

तू गेल्यावर मालक उठले. ते मला एक शब्दही रागानं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. खणातून दादाचा ब्लॉक काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "हा आता इथे नको. आणि संध्याकाळच्या गाडीनं जा, सांगून टाक. आज जड जाईल. उद्या त्याहून जड जाईल." मी हो म्हटलं. संध्याकाळी गेलो नाही. रविवारी गेलो, तर तू शेजारणीला दादाच्या लहानपणीचं काहीतरी सांगून हसत होतीस, आणि मामा ओटीवर सुपारी कातरत बसला होता. इगतपुरीला गेला नव्हता.

पुढच्या वर्षी वैशाखात मी एकटाच गेलो. तुला सांगितलं होतं, मालकांच्या कामाला नाशिकला जातो. स्टेशनाबाहेर तीन हॉटेलं होती. तिसऱ्यात गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "कपाटावर फोटू डकवला हुता त्यानं. दोगं जनं बंगल्याम्होरं. त्यातला दुसरा तुमीच काय?" मी मान हलवली. तो म्हणाला, "दीड-दोन वर्सं हुता. काम चोख. फार बोलायचा न्हाई. तुमच्याकडची गाडी आली की भाईर येऊन बगायचा, मग आत जायचा. आवंदाच्या न्हाई, त्येच्या आदल्या शिमग्याला ग्येला. सुरतेकडं का कुटं. फोटू बी काडून नेला." आदल्या वर्षीचा पौष, मग माघ, मग फाल्गुन. मामाला तू नको म्हणालीस त्यानंतर अडीच महिने तो तिथे होता, आये. म्हाताऱ्यानं मला चहा दिला. तो प्यायलो. परत आलो आणि तुला म्हटलं, नाशिकला फार ऊन होतं.

मी सुरतेलाही गेलो, पुढे दोनदा. मोठं गाव, तिथे कोण कुणाला सांगतं. सिनेमा लागला तेव्हा नगरला जाऊन तीनदा पाहिला, ते दोन क्षण बघायला. बाकीचे लोक खुनी कोण याच्या काळजीत, मी अंधारात माझ्या भावाचं तोंड येण्याची वाट बघत बसलेलो. तोच सिनेमा राजूरला तंबूत आला तेव्हा तुला चार दिवस कोतूळला मावशीकडे नेऊन ठेवलं. मावशी आजारी आहे म्हणालो. ती ठणठणीत होती, तुम्ही दोघी खूप बोलत बसलात, आणि तू मला म्हणालीस, बरं केलंस आणलंस.

त्यानंतर तू अकरा वर्षं जगलीस. माझ्या लग्नात त्याच्या नावाचा नारळ बाजूला ठेवलास. पाऊस फार झाला की म्हणायचीस, समुद्रात कसं आसंल. नाव न घेता, कुणाला कळू न देता, तू एका बोटीची काळजी करत राहिलीस. तू गेल्यावर मी तुझी पेटी उघडली. पेपर होता. घडीवर फाटलेला, फोटो बोटं लावून लावून पुसट झालेला, चार बोटं तर जवळजवळ गेलीच होती. इतक्या वर्षांत घरात वाचणारी माणसं झाली, माझी बायको, मुलं, शेजारचे मास्तर. तू कुणालाही तो दाखवला नाहीस. मी नको म्हटलं होतं म्हणून. एवढा विश्वास कुणी माझ्यावर त्यानंतर ठेवलेला नाही, आणि ठेवूही नये.

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. लिहून झालं की घडी घालून ठेवीन, माझ्यामागे कुणाच्या हाती लागलं तर लागलं. फक्त एक गोष्ट राहिली आहे. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी घाबरलो, घाईत तोंडाला येईल ते वाचत गेलो, बोट अशीच सुचली. नातीनं परवा ते चित्र थांबवलं तेव्हा मलाही थांबून बघावं लागलं. त्या दिवशी मला काहीही वाचता आलं असतं. तो येणार आहे, असं वाचता आलं असतं. इगतपुरीला आहे, असंसुद्धा वाचता आलं असतं, आणि गंमत बघ, ते खरं निघालं असतं. मामा रविवारी कुठे जाणार आहे हे मला पक्कं आठवत होतं. आणि आणखी एक आठवत होतं. तू घरात पहिली गरम भाकर नेहमी त्याच्या ताटात टाकायचीस, मला दुसरी. तो गेल्यावर बरेच दिवस ती पहिली तशीच बाजूला राहायची. तू पेपर घेऊन आलीस त्याच्या आदल्याच रविवारी, सिनेमाच्या गप्पांच्या नादात, ती तू पहिल्यांदा माझ्या ताटात टाकलीस. तुझ्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं. म्हणून मी त्याला समुद्रावर पाठवलं.